श्रद्धा, संयम आणि शरीर

एरवी सकाळचा चहा अर्धा तास लांबला तरी ज्याचे डोके दुखू लागते, तोच गृहस्थ आषाढी एकादशीस दिवसभर पाण्याच्या घोटांवर राहतो, दर्शनबारीत तासन् तास उभा राहतो आणि रात्री भजनालाही बसतो. तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांत असे अनेकजण आढळतात. हे कसे साधले असे विचारले, तर ‘देवाने करून घेतले’ एवढेच उत्तर मिळते. भक्ताच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. परंतु जिज्ञासू मनाला त्यापुढचा प्रश्न पडतो. श्रद्धेमुळे मनुष्याचा स्वतःवरील ताबा खरोखर वाढतो काय? आणि वाढत असल्यास त्याचा परिणाम केवळ मनावर होतो की देहावरही होतो? आपल्या शास्त्रकारांनी व संतांनी या प्रश्नाचा विचार केलेलाच आहे. गेल्या काही दशकांत तो प्रयोगशाळेतही विचारला गेला. दोन्हीकडची उत्तरे एकत्र ठेवून पाहणे उद्बोधक आहे, आणि आवश्यकही आहे. कारण याच श्रद्धेपोटी काही भाविक उपवासाच्या दिवशी औषधाची गोळी टाळतात आणि मग बारीत भोवळ येऊन पडतात.

प्रथम संयमाचा विचार करू. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक मार्मिक भेद सांगितला आहे. आहार वर्ज्य करणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच निवर्तते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, श्री ज्ञानेश्वर महाराजांनी यावर भाष्य करताना झाडाचा दृष्टान्त दिला. वरची पालवी खुडत राहायचे आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, तर त्या झाडाचा नाश कसा व्हावा? जिभेचे प्रकरण इतर इंद्रियांहून वेगळे आहे, हेही माउलींनी नेमके हेरले. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात. पण अन्नावाचून जगणेच शक्य नाही, म्हणून रस केवळ हट्टाने आवरता येत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही फिरून याच ठिकाणी आले आहे. जर्मनीमध्ये २०५ प्रौढ व्यक्तींजवळ एक आठवडाभर एक लहानसे यंत्र देऊन, दिवसातून अनेकदा त्यांच्या मनात त्या क्षणी कोणती इच्छा आहे व ते तिच्याशी झगडत आहेत काय, याची नोंद घेण्यात आली. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक, ते मोहाशी अधिक झगडत असतील असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात उलटे आढळले. अशा व्यक्तींच्या मनात नको त्या इच्छा मुळात कमीच उठत होत्या, आणि झगडण्याचे प्रसंगही त्यांच्यावर कमी येत होते. दात-ओठ खाऊन मोह परतवून लावणारा मनुष्य फार काळ टिकत नाही. ज्याची राहणीच अशी झालेली असते की मोह दारात येत नाही, तो टिकतो. हे ध्यानी घेतले म्हणजे व्रताची रचना अशी का आहे, याचा उलगडा होऊ लागतो.

व्रताचा आरंभ संकल्पाने होतो. पुरोहित तो झरझर सांगतात आणि यजमान हातावर पाणी घेऊन सोडतात, म्हणून पुष्कळांना तो एक उपचार वाटतो. परंतु संकल्पात काय उच्चारले जाते ते पाहावे. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग देश, नदीचे तीर. मग स्वतःचे गोत्र व नाव. आणि शेवटी अमुक कर्म मी करीन, हे वचन. कोण, कोठे, केव्हा, काय, यांपैकी काहीही मोघम ठेवलेले नाही. ‘वजन कमी केले पाहिजे’, ‘देवाचे काहीतरी केले पाहिजे’ अशा इच्छा मनात वर्षानुवर्षे पडून राहतात. याउलट ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असे आधी ठरवलेले कार्य सिद्धीस जाण्याचा संभव बराच वाढतो, असे २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित विचार करून पीटर गोलविट्झर व पास्कल शीरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्याकडे ही रीत शेकडो वर्षे चालत आली. एकदा संकल्प सोडला की त्या दिवसापुरता ‘खावे की न खावे’ हा प्रश्न निकालात निघतो. मनुष्य दमतो तो बहुधा पुनःपुन्हा निर्णय घेण्याने. ठरलेल्या गोष्टीचे ओझे तितके वाटत नाही.

दुसरा आधार संगतीचा. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणे ही साधी गोष्ट नाही. मद्य व मांस वर्ज्य करणे, एकादशी करणे, वारी न चुकविणे, हे नियम त्या माळेबरोबर येतात. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत एखाद्याने माळ घातली हे गावाला कळते, आणि त्यानंतर त्याचा संयम एकट्याचा राहत नाही. पंगतीत कोणी त्याला आग्रह करीत नाही. ‘ते माळकरी आहेत’ एवढे म्हटले की विषय संपतो. जुने सोबती त्याला बाटलीकडे बोलावताना संकोचतात. चुकून पाऊल वळलेच, तर गळ्यातली माळ हाताला लागते. दारूपायी उद्ध्वस्त होऊ घातलेले कितीतरी संसार या एका माळेने सावरल्याच्या हकीकती महाराष्ट्रात घरोघर ऐकावयास मिळतात. त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. पण अशाच जातीच्या एका प्रयत्नाची झाली आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मद्यमुक्तीची चळवळ ‘आपल्याहून थोर अशा शक्तीवर’ विश्वास आणि सम-दुःखी लोकांची नित्य बैठक या दोन खांबांवर उभी आहे. २०२० मध्ये २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे परीक्षण झाले, तेव्हा मद्यापासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत या मार्गावर आणणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. त्यात श्रद्धेचा वाटा किती आणि संगतीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. वारकऱ्यांच्या बाबतीत तर तसा प्रयत्नही व्यर्थ होय. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट साठी उलटलेली माउली चालते, ती दिंडीत चालते. तिला एकटीला ती चाल म्हटली तर दुसऱ्याच मुक्कामी पाय उचलणार नाहीत.

आता देहाकडे वळू. सर्वांत स्पष्ट पुरावा नामस्मरणाच्या बाबतीत मिळतो, आणि तो इटलीतून आला आहे. तेथील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणावयास सांगितला व त्यांचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाची गती मोजली. हा अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रकारच्या जपात श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावली. रक्तदाबाचे जे नैसर्गिक चढउतार शरीरात दर दहा सेकंदांनी होत असतात, त्यांच्याशी ही लय जुळते. त्यामुळे रक्तदाब सावरून धरण्याची शरीराची क्षमता तेवढ्या वेळापुरती सुधारली. यात ध्यानी घेण्यासारखे हे की, लाभ ख्रिस्ती प्रार्थनेने झाला तसाच बौद्ध मंत्रानेही झाला. म्हणजे येथे काम करते ती उच्चाराची लय. मग श्रद्धेचे काय? तर मिनिटाला सहा श्वास घ्यावेत असे वैद्याने सांगितले, तर मनुष्य पंधरा दिवस घेईल आणि सोडून देईल. तोच १०८ मण्यांची माळ चाळीस वर्षे ओढतो, ती देवासाठी. लय देहाला उपकारक ठरते, आणि ती लय न सुटू देणे हे श्रद्धेचे काम.

दुसरे उदाहरण मराठी माणसांचेच आहे, जरी ते सातासमुद्रांपलीकडचे असले तरी. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस बेटावर गेलेल्या लोकांचे वंशज तेथे आजही आपली दैवते व सण जतन करून आहेत. या मराठी समाजातील ७५ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींना आधी भाषणाच्या तयारीस लावून त्यांच्या मनावर ताण आणण्यात आला. त्यानंतर काहींना गावच्या मंदिरात जाऊन नेहमीप्रमाणे पूजा करण्यास सांगितले, तर उरलेल्यांना नुसते शांत बसावयास सांगितले. विश्रांती दोघांनाही मिळाली होती. तरीही पूजा करून आलेल्यांनी मनावरचा ताण कमी झाल्याचे अधिक सांगितले, आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदीनेही त्यास दुजोरा दिला. उदबत्ती ओवाळणे, फूल वाहणे, हात जोडणे या ठरलेल्या क्रमाच्या हालचाली हातांना काम देतात आणि मनाला भटकू देत नाहीत. सांत्वन बहुधा या मार्गाने पोहोचत असावे. मात्र नेमके कारण अद्याप सिद्ध झालेले नाही, हे अभ्यासकांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.

प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्यांचीही अशीच पाहणी झाली. कडाक्याच्या थंडीत पहाटेचे स्नान, जमिनीवर शय्या, बेताचा आहार आणि भोवती अहोरात्र कोलाहल. वैद्यकाच्या हिशेबाने यातून वृद्ध माणसे आजारी पडूनच परतावयास हवीत. भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी ४१६ कल्पवासींना मेळ्याच्या महिनाभर आधी व महिनाभर नंतर गाठले; सोबत घरीच राहिलेल्या १२७ जणांचीही माहिती घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कल्पवासींनी आपले स्वास्थ्य पूर्वीपेक्षा सुधारल्याचे सांगितले. घरी राहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही. पुढे याच मेळ्यात आणखी एक गमतीचा प्रयोग झाला. एकच अस्पष्ट गलबल्याचा आवाज काहींना ‘मेळ्यातला’ म्हणून ऐकविला आणि काहींना ‘शहरातल्या रस्त्यावरचा’ म्हणून. मेळ्यातला आहे असे समजून ऐकणाऱ्यांना तोच आवाज सुखद वाटला व त्यांनी तो अधिक वेळ ऐकला. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे २००८ च्या एका अभ्यासात कॅथलिक श्रद्धाळूंना मेरीमातेचे चित्र पाहताना विजेच्या सौम्य झटक्याची वेदना कमी जाणवली. दुसऱ्या एका स्त्रीचे चित्र पाहताना तसे झाले नाही. श्रद्धा नसणाऱ्यांना दोन्ही चित्रे सारखीच. वेदना तीच, थंडी तीच, गोंगाट तोच. मन त्याला कोणता अर्थ देते, यावर देहाला ते किती सोसवते हे बऱ्याच अंशी ठरते.

येथवरचे वाचून सारेच सिद्ध झाले असा समज होऊ नये. पुष्कळ काही अजून डळमळीत आहे. १९९८ पासून काही वर्षे असे मानले जात होते की, निग्रहशक्ती वापरली की ती थकते. २०१२ मध्ये कॅनडातील काही प्रयोगांनी, देवाधर्माचे शब्द मनात जागे केले असता थकलेला निग्रह पुन्हा ताजा होतो असे दाखविले. धार्मिक नियतकालिकांनी त्याचा गाजावाजाही केला. परंतु २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर तपासणी केली, तेव्हा ती ‘थकण्याची’ मूळ कल्पनाच जवळजवळ आढळेना. पाया हलला, तिथे त्यावरच्या मजल्याचा भरवसा कोण देणार? २००९ मध्ये मायकेल मॅकलॉ व ब्रायन विलोबी यांनी अनेक दशकांचे संशोधन चाळून धार्मिक व्यक्तींत आत्मसंयम काहीसा अधिक आढळतो असे म्हटले. तथापि ज्यांच्यात संयम आधीच आहे तेच धर्माचरणात टिकतात, असेही असू शकेल, ही शंका उरतेच.

आणि एक गोष्ट तर स्पष्टच सांगितली पाहिजे. हृदयावरील बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ठाऊक नव्हते, त्यांच्यात काहीच फरक दिसला नाही. उलट, प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के निघाले, इतरांत ते ५२ टक्क्यांच्या आत होते. यावरून ईश्वराची परीक्षा झाली असे कोणी मानू नये. तो अशा परीक्षेस बसतो असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. मात्र नवस बोलला म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्यांनी आणि अंगारा लावला म्हणून इन्सुलिन बंद करणाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानी ठेवावेत. श्रद्धा साधकाच्या स्वतःच्या आचरणातून देहाला बळ देते. औषधाची जागा ती घेत नाही.

उपवासाच्या बाबतीत हा विवेक विशेष हवा. जेवणानंतर काही तासांनी शरीर यकृतात साठविलेली साखर वापरू लागते. ती सरत आली की चरबी जाळू लागते. निरोगी मनुष्यास एक दिवसाचा लंघनरूप उपवास सहज मानवतो. अलीकडे मोबाइलवर ‘एकादशीला नोबेल मिळाले’ अशा आशयाचे संदेश फिरत असतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशी आपलेच जुने घटक कसे मोडून पुन्हा वापरतात, याचा उलगडा केल्याबद्दल. आणि त्यांचे प्रयोग यीस्ट या सूक्ष्मजीवावर झाले. एकादशीचे माहात्म्य असल्या दाखल्यावर अवलंबून नाही.

शिवाय आपला उपवास म्हणजे लंघन असतेच असे नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच रचलेली आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि वर लाल मिरची, या उपवासाच्या ताटातील बहुतेक जिनसांचे मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबसापूर्वीच्या एकादशीस त्यांचे नावही ठाऊक नव्हते. त्यात साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेही व्यक्तीने दोन वाट्या खिचडी खाऊन ‘आज उपवास आहे’ असे म्हणावे आणि रक्तातील साखर मात्र नेहमीपेक्षा वर जावी, असे घडते. याउलट काहीजण औषध घेतात पण अन्न घेत नाहीत. त्यांची साखर एकाएकी उतरते. घाम सुटणे, हात कापणे, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात विसंगती ही तिची लक्षणे. दर्शनबारीत असे जाणवल्यास साखर किंवा गूळ ताबडतोब तोंडात घालावा व जवळच्या सेवेकऱ्यास सांगावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी उपवासाविषयी आपल्या वैद्यांचा सल्ला क्षेत्री येण्यापूर्वीच घ्यावा. गोळ्यांची वेळ चुकवू नये.

असे केल्याने व्रतभंग होतो, ही भीती पुष्कळांच्या मनात खोल रुजलेली असते, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या. वस्तुतः शास्त्रकार या बाबतीत त्यांच्याहून कितीतरी उदार होते. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे महाभारतात सांगितले आहे, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध आहेत. गुरूचे वचन आहे. आणि औषधाचा तर स्पष्ट उल्लेख आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायानुसार अति खाणाऱ्यास जसा योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. एकादशीच्या उपवासाचा अधिकार स्मृतिकारांनी आठ वर्षांपुढील व ऐंशीच्या आतील व्यक्तीस सांगितला आहे. बालकांवर व अतिवृद्धांवर तो लादलेला नाही. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या बृहद्ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा सविस्तर परामर्श आहे; जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्ये यांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ आजही पुरोहितांच्या हाती असतो. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याच्यासाठी धर्मग्रंथांत पर्याय दिलेले आहेत. दिवसातून एकदाच जेवावे. किंवा दिवसा न जेवता केवळ रात्री जेवावे. किंवा हविष्यान्न, फळे, दूध यांवर राहावे. तेही शक्य नसेल, तर पुत्राने, पत्नीने, पतीने वा भावाने त्याच्या वतीने उपवास करावा. आजारी आईची एकादशी मुलाने धरली, तर ती आईच्याच नावे जमा होते.